ऐंशी सालचा जन्म

वनस्पतिशास्त्राच्या बाई विद्यापीठात बावीस वर्षं हंगामी शिकवत होत्या. कायम जागेसाठी पाच वेळा अर्ज केला, पण मुलाखतीचं बोलावणं एकदाही आलं नाही. "विभागाला तरुण रक्त हवंय," असं विभागप्रमुख म्हणत. ते बाईंचेच विद्यार्थी, त्यामुळे मान खाली घालून म्हणत.

यंदा अर्ज संगणकावर भरायचा होता. बाईंची मुलगी तो भरायला बसली. जन्मसालाची यादी ऐंशीपाशीच संपली.

"आई, तुझं साल यात नाहीच."

"सदुसष्ट आहे, नीट बघ."

"ऐंशीच्या मागे काही नाहीये गं. आत्ता ऐंशी टाकते, शेवटी बदलू."

बदलायच्या आधीच अर्ज गेला. बाईंनी प्रत वाचली आणि बोटांवर वर्षं मोजली. "अगं, नवव्या वर्षी एम. एस्सी. झालेय मी!"

दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयात गेल्या. "दुरुस्ती होईल," कारकून म्हणाला, "यादीतून बरोबर साल निवडा." यादी तीच होती.

चार दिवसांनी मुलाखतीचं पत्र आलं. बाईंना वाटलं, खोटी माहिती दिली म्हणून आहे ती हंगामी नोकरीही जायची.

मुलाखतीला त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, "माझं वय सत्तावन्न आहे. अर्जातलं साल चुकीचं आहे."

बाहेरून आलेल्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "बसा. चाळीस अर्जांतले सव्वीस जण ऐंशीचेच आहेत. एकाला तर जन्माआधीच डॉक्टरेट मिळालीय. वयावरून कुणाला गाळताच येईना, म्हणून सगळ्यांना बोलावलं. आता काम येतं का, तेवढंच बघतोय. या देठाचा छेद घ्या."

बाईंनी धारदार पातं उचललं. छेद इतका पातळ निघाला, की काचेवर ठेवल्यावर दिसेना. अध्यक्षबाई बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होत्या.

"मला यांनीच शिकवलंय," विभागप्रमुख पुटपुटले.

"मग पाच वेळा अर्ज करूनही बोलावलं का नाही?"

विभागप्रमुखांना एकदम खिडकीबाहेर काहीतरी दिसलं.

"सोमवारी रुजू व्हा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

बाई ताठ चालत बाहेर आल्या, जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत इतकी वर्षं लपवलेले दुखरे गुडघे मनसोक्त चोळू लागल्या.