चौदा मिनिटांचा कांदा

स्वयंपाकघरात माणसाचा अंदाज चालतो तोवर प्रगती होत नाही, हे आता सर्वांना मान्य आहे.

शाहूपुरीतल्या गणपतरावांच्या खानावळीत असा अंदाज बावीस वर्षं चालला. रश्शाचा कांदा चिमणाबाई परतायच्या. कढई कधी उतरवायची असं विचारलं की म्हणायच्या, "वास सांगतोय की." (या वासाची लेखी नोंद कुठेही नव्हती.)

एप्रिलमध्ये गणपतरावांचे चिरंजीव ऋतुराज व्यवस्थापनाची पदवी घेऊन परतले. त्यांनी आठ पानांची कार्यपद्धती लिहिली, त्यातली साडेतीन पानं कांद्याला. बाजारात नुकत्याच आलेल्या कांद्यावर नऊ दिवस प्रयोग करून त्यांनी सिद्ध केलं, की कांदा तांबूस व्हायला चौदा मिनिटं लागतात. भिंतीवर घड्याळ लागलं. शिट्टी आली. पुढं कांदा चिरायचं यंत्रही आलं. खानावळ एकविसाव्या शतकात दाखल झाली.

ऑक्टोबरात जयसिंगपूरच्या मंडळींची साखरपुड्याची ऑर्डर आली. तीनशे ताटं. कढई तापली आणि चिमणाबाईंनी हरकत घेतली.

"दादा, ह्यो कांदा साठवणीच्या चाळीतला हाय. पाच म्हैनं पडून गोड झालाय. त्यात तुमच्या यंत्रानं कागदावानी चिरलाय. सातव्या मिन्टाला उतरवाय लागतोय."

"मावशी, कागदावर किती लिहिलंय?"

"कागदावर कांदा कवाचा त्येच लिवलं न्हाय की!"

ऋतुराजनी ही सूचना गांभीर्यानं घेतली आणि नोंदवहीत 'भावनिक' या रकान्यात लिहिली. (कांदा पडून राहिला की त्यातली साखर मोकळी होते आणि आचेवर लवकर रंग धरते, हे खरं आहे. पण ते त्या कांद्याचं वैयक्तिक कारण झालं.)

सातव्या मिनिटाला कांदा तांबूस झाला. नवव्याला तपकिरी. अकराव्याला धूर निघाला, तेव्हा चिमणाबाईंनी कढईला हात घातला. ऋतुराजनी तो अडवला. चौदाव्या मिनिटाला शिट्टी वाजली. चिमणाबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. (अहवालात कारण 'कांदा' असं नोंदलं आहे.)

दुसरा कांदा परतायला वेळ नव्हता. रस्सा काळा झाला. गणपतराव गल्ल्यावर डोकं धरून बसले. ऋतुराजनी मात्र दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं : 'गावरान करपट रस्सा'.

मंडळी दोन-दोन वाट्या प्यायली. एक पावणं मिशा पुसत म्हणाले, "असली अस्सल चव आता ऱ्हायली न्हाय बघा."

चिमणाबाईंनी हे दारातून ऐकलं. पदराला हात पुसले, गणपतरावांना "येतो मालक" म्हणाल्या आणि निघाल्या. गणपतराव उठून उभे राहिले. आता त्या कबनूरला लेकीकडं असतात. तिथं यंत्रमागावरच्या आठ माणसांना डबे देतात. नववा डबा घेत नाहीत.

इकडं खानावळीत त्याच करपट रश्शासाठी रविवारी पाऊण तास रांग असते. मोबाइलवर एक हजार नऊशे बारा लोकांनी पाचपैकी पाच तारे दिलेत. रस्सा करपलाय असं म्हणणारी व्यक्ती एकच, तिच्याकडे तसला मोबाइल नाही, म्हणून ती हिशेबात धरलेली नाही.

तारे देणाऱ्यांच्या यादीत तुमचंही नाव सापडलं. वाटीचा फोटो टाकून तुम्ही लिहिलंय, 'अगदी आजीच्या हातची चव!'

तुमच्या आजींना हे अजून कुणी कळवलेलं नाही.