टोमॅटो न खाणारे आहेरकाका

आमच्या वरच्या मजल्यावरचे आहेरकाका पावभाजीतला टोमॅटो शोधून काढतात. पावभाजीतला टोमॅटो खरं तर शिजून, ठेचला जाऊन, बटाट्यात पार नाहीसा झालेला असतो. पण काका चमच्याच्या टोकाने एक लालसर साल बरोबर उचलतात आणि ताटाच्या कडेला चिकटवतात. सोसायटीच्या गणपतीच्या जेवणात त्यांच्या ताटाला अशा सालींचं तोरण लागलेलं असतं. कोशिंबिरीच्या वाटेला तर ते जातच नाहीत.

आणि हेच आहेरकाका गच्चीवर टोमॅटो लावतात. एका जातीचे नाही, नऊ-दहा जातींचे. मी शाळेत शिकवतो, न जुळणाऱ्या गोष्टी जुळवून दाखवणं हेच माझं काम, पण या दोन गोष्टींचा मेळ मला काही केल्या घालता येत नव्हता.

टोमॅटोशी त्यांचं वैर जुनं. काका मूळचे दिंडोरीकडचे, घरी टोमॅटोचीच शेती. ते लहान असताना एका वर्षी भाव इतका पडला की, माल मार्केटला नेण्यापेक्षा घरातच संपवू, असं त्यांच्या वडिलांनी ठरवलं. सकाळी टोमॅटोची चटणी, दुपारी टोमॅटोची भाजी, रात्री टोमॅटोचं कालवण. "पाहुणा आला तरी टोमॅटोच. मग पाहुणेबी यायचे बंद झाले," काका सांगतात. "तेव्हापासून आपलं आणि टोमॅटोचं बोलणं नाय."

पुढे ते इथे नाशकातच अंबडला एका कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तयार झालेले सुटे भाग तपासत बसले. पास की नापास, आणि नापास तर का, एवढंच आयुष्यभर पाहिलं. त्यामुळे आजही त्यांना कुणी "ओके" म्हटलं की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "ओके म्हणजे काय? कारण सांगा." लग्नाच्या पंगतीत वाढप्यालासुद्धा त्यांनी हे विचारलेलं मी पाहिलं आहे. तो बिचारा जिलेबी वाढायची सोडून विचारात पडला.

तर अशा माणसाने गेल्या दिवाळीनंतर रंगाच्या रिकाम्या बादल्या जमवायला सुरुवात केली. बुडाला ड्रिलने भोकं पाडली, माती, शेणखत आणि कोकोपीट कालवून भरलं, बांबू रोवले, सुतळ्या बांधल्या. ट्रकच्या ट्रक भरून टोमॅटो बाहेर पाठवणाऱ्या नाशकात कुणी बादलीत टोमॅटो लावतोय, हे बघून सोसायटीची चांगली करमणूक झाली. काकांना त्याचं काही नव्हतं. ते रोज सकाळी फुलांच्या एकेका घोसाला टिचकी मारत हिंडायचे आणि "उठा, कामाला लागा" म्हणायचे. असं केलं की फळ चांगलं धरतं म्हणे.

फळं धरली आणि आमचे रविवार गेले. सकाळी बेल वाजायची, दारात काका, हातात स्टीलचं ताट. ताटात घड्याळासारखी मांडणी. बाराच्या जागी काळपट टोमॅटो, तीनला पिवळा, सहाला हिरव्या पट्ट्यांचा, नऊला आपला साधा लाल. जातींची नावं सांगायचे नाहीत. "नाव कळलं की जीभ खोटं बोलते, सर. खा आणि सांगा."

मी खाऊन म्हणायचो, "छान आहे."

"छान हा रिपोर्ट नाय. कारण सांगा."

"तीनचा जरा आंबटगोड आहे."

"आधी आंबट की आधी गोड?"

आता हे कुणी पाहिलंय? मी पुन्हा खायचो. मग मला सहाचाही आंबटगोड लागायचा आणि तीनचा नुसताच ओला. खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी छातीठोकपणे सांगायचे की, तीनचा अगदी साखरेसारखा गोड आहे. काका दोन्ही रिपोर्ट गंभीरपणे ऐकायचे आणि कपाळाला आठ्या घालून वर जायचे. रविवारी नाश्त्याच्या वेळेला मला परीक्षेला बसल्यासारखी धडधड होऊ लागली.

"काका, तुम्ही स्वतःच का नाही खाऊन बघत?" मी एकदा वैतागून विचारलं.

"परीक्षकाने पेपर सोडवायचा नसतो," ते म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे केलं.

या सगळ्या शिस्तीला सुरुंग लावला तो माझ्या बायकोने, माधुरीने. मी घरी नसलो की ताट ती घ्यायची, टोमॅटो सरळ भाजीच्या टोपलीत ओतायची आणि ताटात चिवडा नाहीतर शंकरपाळे घालून वर पाठवायची. शेजारच्यांचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिच्या आईने तिला शिकवलेलं. काका हताश होऊन खाली यायचे. "ताई, अहो, सँपल होते ते! मला चिवडा नको, चव पाहिजे." माधुरीला ते चिवड्याबद्दल बोलतायत असं वाटायचं आणि पुढच्या वेळी ती तिखट जास्त घालायची.

काकांच्या घरी दुसरं माणूस म्हणजे मंदाकाकू. मागच्या वर्षी त्यांचं मोठं आजारपण झालं. गाठीचं ऑपरेशन, मग केमो. आता बऱ्या होत्या, केसही परत येऊ लागले होते, पण जिना उतरून खाली येणं त्यांनी सोडलं होतं. कधी वर गेलो की हसून बोलायच्या. आजारी माणसाच्या घरात फार वेळ बसू नये म्हणून आम्हीच लवकर उठायचो.

एका रविवारी मी शाळेच्या कामाला गेलो होतो. नेहमीप्रमाणे ताट माधुरीने घेतलं, टोमॅटो टोपलीत ओतले. पण त्या दिवशी घरात चिवडा नव्हता. तिने हाताला येतील ते चार-पाच टोमॅटो घेऊन चटणी केली आणि वाटीभर चटणी ताटात ठेवून वर पाठवली.

संध्याकाळी मी घरी येऊन चपला काढतोय तोच काका धावत खाली आले. पायात एकच चप्पल, हातात ती वाटी, तळाशी थोडी चटणी उरलेली.

"ताई, यात कुठला होता? बाराचा का सहाचा?"

"काय झालं काका? बाधली का कुणाला?" माधुरी घाबरली.

"अहो, आमच्या हिने तोंड वाकडं केलं! एक डोळा मिटला आणि म्हणाली, मेली किती आंबट ही!" काकांनी वाटी आमच्यापुढे नाचवली. "आंबट म्हणाली हो ती!"

आम्हाला काही कळेना. चटणी आंबट झाली म्हणून कुणी एवढं हरखून जातं? मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू उलगडा झाला. केमोनंतर काकूंच्या तोंडाची चवच गेली होती. भात खाल्ला काय आणि कागद चावला काय, त्यांना सगळं सारखंच. पूर्वी काकू कच्चा टोमॅटो मीठ लावून येता-जाता खायच्या आणि काका तोंड फिरवून बसायचे. चव येईल तर त्यानेच येईल, असं काकांनी ठरवून टाकलं होतं.

"मग काकूंनाच द्यायचे ना टोमॅटो," मी म्हणालो.

"दिले की. पहिल्या तोडणीचे तिलाच दिले. काहीही दिलं की ती माझ्या तोंडाकडे बघते आणि छान म्हणते." काकांनी वाटी टेबलावर ठेवली. "चाळीस वर्षं माल तपासला, सर. मला कळत नाय का, कुठला छान खरा आणि कुठला खोटा? म्हणून म्हटलं, बाहेर आधी तपासून घेऊ. एकदम कडक आंबट निघेल, तोच तिला देऊ. उगीच रोज तिला खोटं बोलायला लावायचं कशाला?"

इतके रविवार या माणसाची बेल वाजली की मला पडद्याआड लपावंसं वाटायचं.

"टोपली आणा," काका म्हणाले.

माधुरीने टोपली आणली. त्यात काकांचे टोमॅटो आणि बाजारातले टोमॅटो एकत्र झाले होते. काकांनी सुरी घेतली, वाटीतली चटणी बोटाने चाटली, डोळे घट्ट मिटले आणि चव जिभेवर धरली. मग टोमॅटो कापून एक फोड तोंडात टाकली. अंगावर काटा आलेला मला दिसला. तरी चावली, गिळली. मग दुसरा, तिसरा. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून आहेरकाका कच्चे टोमॅटो खात होते आणि प्रत्येक फोडीनंतर मान हलवत होते. "हा नाय. हाबी नाय."

माधुरी पदराशी चाळा करत उभी होती. शेवटी तिला राहवेना.

"काका, थांबा. तुमचे ते टोमॅटो फार गोड निघाले. चटणीला चवच येईना. म्हणून मी चिंचेचा कोळ घातला होता, चांगला दोन चमचे."

काकांच्या तोंडात फोड तशीच राहिली. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. त्यांनी ती फोड सावकाश गिळली.

"चिंच," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे टोमॅटोचा काही संबंधच नाय?"

"नाही."

काकांनी टोपली बाजूला सरकवली. मग हसू लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी टोमॅटोच्या हातानेच पुसलं, त्यामुळे डोळे झोंबले आणि आणखी पाणी आलं. "गोड निघाले, कोळ घातला. ताई, एवढ्या महिन्यांत तुम्ही पहिल्या, ज्यांनी कारण सांगितलं." उरलेली चटणी वाटीसकट घेऊन ते वर गेले. दुसरी चप्पल घालायला नव्हतीच, पहिलीही इथेच विसरली.

पुढचे दोन-तीन रविवार बेल वाजली नाही. मला नाश्ता गोड लागेना. मग एका सकाळी वाजली. दार उघडलं तर मंदाकाकू. जिना उतरल्यामुळे दम लागला होता. हातात आमची वाटी, वाटीत चार टोमॅटो. मागे चार पायऱ्या वर कठड्याला धरून काका उभे.

मी सवयीने टोमॅटो उचलला आणि घाबरत विचारलं, "खाऊन सांगायचं का?"

"तुम्ही काय सांगणार? पिवळा गोड आहे," काकू म्हणाल्या. "हा पट्ट्यांचा आधी आंबट, मग गोड. आणि काळा मला अजून नीट कळत नाही."

मी वर पाहिलं. काकांचा चष्मा कपाळावर होता. ते काकूंकडेच बघत होते, आणि कारण काही विचारत नव्हते.