कोणासाठी न थांबणारी भाजी

आमच्या शेजारचे नाना भाजी फोडणीला टाकण्याआधी गल्लीला हाक मारायचे, "बठ्ठा या रे! ताटल्या लई या!" म्हणजे सगळ्यांनी ताटल्या घेऊन यायचं.

आणि भाजी कसली, तर चायनीज! धुळ्यात तेव्हा आमच्या गल्लीला हा शब्दच नवा. कापसाच्या जिनिंग गिरणीतून निवृत्त झालेले नाना पुतण्याकडे मुंबईला गेले, तिथल्या एका हातगाडीपुढे तासभर उभे राहिले आणि सोया सॉसची बाटली घेऊन परतले. बाटलीची जागा थेट देव्हाऱ्याशेजारी! त्यांची बायको, आमची अक्का, बरेच दिवस तिला खोकल्याचं औषध समजत होती.

घरातला स्टोव्ह नानांना पसंत पडेना. "हाई काय आग शे? हाई ते उदबत्ती शे!" मग परसात कपाशीच्या काड्या पेटल्या. भरिताची वांगी भाजावीत असा जाळ! त्यावर कढई, शेंगदाण्याचं तेल, ठेचलेला लसूण, उभी चिरलेली कोबी, गाजर, ढोबळी मिरची. नाना उलथनं असं चालवायचे की निम्मी कोबी हवेतच शिजायची. आम्ही मोठी माणसं ताटल्या घेऊन अक्षरशः नाचायचो.

एकदा माझ्या आईनं सवयीनं कढईवर पाण्याचं ताट झाकलं. नाना ओरडलेच, "वहिनी, जीव घेतला ना तुम्ही तिचा!"

त्यांचं म्हणणं एकच. उतरली की लगेच खायची, नाहीतर कोबी मऊ पडते. "हाई भाजी कोनसाठे थांबत नई!" गप्पा मारत बसणाऱ्याची ताटली ते सरळ ओढून घेत. अक्का मात्र "आधी बठ्ठासले द्या" म्हणत वाढत राहायची, आणि तिचा वाटा गार होऊन पडायचा. त्या ताटलीकडे बघून नाना जाम चिडायचे. आम्हाला वाटे, एवढ्या भाजीचा अपमान झाला म्हणून.

मग एकदा शिरपूरहून त्यांचे जावई आले. पाट मांडले, पुरणपोळी झाली आणि नानांनी परसात जाळ केला. पहिली ताटली भरताच अक्का ती घेऊन जावयाकडे निघाली. नानांनी तिचा हात धरला.

"तू बठ."

"अहो, जावई बसेल शेतस! पहिले त्यासले!"

"त्यासले पुरनपोळी शे, ती थांबी. हाई थांबत नई. बठ, खाय."

जावई पाटावर, सगळी गल्ली दारात, आणि अक्का आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी जेवायला बसली. लाजून पदर सावरला, घास घेतला. कोबी कुरकुरली, ती आम्हा सगळ्यांना ऐकू आली. इतकी वर्षं शेजारी राहून अक्काला मी कधी गरम खाताना पाहिलंच नव्हतं.

"कशी शे?" नानांचं उलथनं हातातच राहिलं होतं.

अक्का घास चावत म्हणाली, "गरम शे."