निकम काकांचा पासवर्ड

निकम काका सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला गेले नाहीत. भांडण वगैरे काही नव्हतं. पुतण्याने मोबाइलवर पत्रिका पाठवली आणि त्या फाइलचं नाव होतं 'फायनल फायनल नवीन २'. काकांनी लगेच फोन लावला. "लग्न कुणाचं, कधी, हे नावावरून कळायला नको? आणि फायनल दोनदा म्हणजे नक्की काय ठरलंय तुमचं?" पुतण्या हसला. झालं! काकांनी आहेर पाठवला, स्वतः घरी बसले.

हे काका सिडकोतल्या आमच्या अभ्यासिकेत रोज सकाळी नऊला हजर असत. देखरेख त्यांच्याकडे होती. ती त्यांना कुणी दिली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी ड्रॉइंगं सांभाळण्यात घालवली होती. मशीनवर चुकून जुनं ड्रॉइंग गेलं की तयार झालेला सगळा माल भंगारात. म्हणून प्रत्येक कागदावर नाव, नंबर, तारीख. निवृत्तीनंतर ही शिस्त टाकायची कुठे, हा प्रश्न होता. आम्ही सापडलो.

ते मागून येऊन स्क्रीन बघायचे. "हा डेस्कटॉप आहे का बाजार उठल्यावरचं मैदान?" हाक नावाने मारत नसत, गावाने मारत. मी 'हरसूल', माझ्या शेजारी बसणारी सुनीता 'सटाणा'.

"ए सटाणा, मार्कशीटच्या फोटोत ही गुलाबी चादर कशाला? परीक्षावाले काय तुझी चादर तपासणार आहेत?"

"मना फोन शे, मनी चादर शे," सुनीता तिच्या बोलीत पुटपुटायची आणि मुकाट्याने नवा फोटो काढायची.

काकांचा सगळ्यात मोठा राग व्हिडिओंवर. एकदा मी 'यशस्वी विद्यार्थ्यांच्या दहा सवयी' बघत होतो. पहिली सवय ऐकताच त्यांनी माझ्या कानातली वायर उपटली.

"पहाटे चारला उठा म्हणे! हरसूल, तुझी आई कितीला उठते?"

"चारलाच, काका."

"मग ती का नाही झाली कलेक्टर? अरे, उठायचं काय शिकवतात तुम्हाला? फॉर्म पहिल्या दिवशी भरा, कागदाला नाव द्या, एक प्रत फोनमध्ये, एक पेनड्राइव्हमध्ये, एक मेलवर ठेवा, हे सांगायला एकाची जीभ वळत नाही!"

मलाही संताप यायचा, पण काकांचा नाही. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर होते. त्यांच्यावर फुलाफुलांची कव्हरं होती आणि खोलीला कुलूप होतं. मुलं हात लावतील, खराब होतील! तीन वर्षांत ते कुलूप मी दोनदा उघडलेलं पाहिलं, दोन्ही वेळा झाडायला. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. पदवीच्या दिवशी आईने अख्ख्या पाड्याला गूळ वाटला. पण त्या पदवीधराला पीडीएफ म्हणजे काय आणि ती लहान कशी करायची, हे मला माझं नावही न घेणाऱ्या एका निवृत्त माणसाने शिकवलं. हे उपकार मी विसरणार नाही, आणि ते कुलूपही.

मग तो दिवस आला. सरकारी नोकरीची लेखी परीक्षा मी पास झालो होतो. कागदपत्रं संध्याकाळी पाचच्या आत साइटवर चढवायची होती. मी पहिल्याच दिवशी लॉगिन केलं होतं, फक्त एक दाखला अडला होता, तो आदल्या संध्याकाळी हातात आला आणि सगळं तयार झालं. पण आज साइटने ओटीपी माझ्या मेलवर पाठवला आणि मेल मला बाहेर काढून मोकळा झाला. पुन्हा आत यायचं तर मेलला जोडलेल्या मोबाइल नंबरवर आलेले आकडे टाका म्हणे. नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसत होते. ते माझे नव्हते.

"कुणाचा नंबर आहे हा?" काकांनी विचारलं.

"हरसूलच्या फॉर्मवाल्या दादाचा. अकरावीत त्यानेच मेल काढून दिला होता. पासवर्डही त्याच्याच वहीत आहे."

काकांचा चेहरा लाल झाला. "घर तुझं आणि किल्ली बाजारात? पदवी घेतलीस ना रे तू?" अभ्यासिकेतल्या सगळ्या माना वर झाल्या. मी दादाला फोन लावला, लागेना. बाजाराच्या दिवशी तिकडे रेंज अशीच येत-जात असते. सकाळचे दहा वाजले होते. काकांनी स्कूटरची किल्ली उचलली. "बस मागे."

त्र्यंबक येईपर्यंत ते माझ्यावर ओरडत होते, पुढे घाटात फॉर्मवाल्यावर. भामटा, पोरांची खाती दाबून बसलाय, आज त्याचं दुकानच उठवतो! मी मागे कागदांची पिशवी पोटाशी धरून बसलो होतो. नोकरी गेली तर आईला काय सांगणार होतो? कुलुपाचं? नंबराचं?

फॉर्मवाला दादा बाजारात छत्रीखाली लॅपटॉप घेऊन बसला होता, एका बाजूला सुकी मासळी, दुसऱ्या बाजूला नागलीची पोती. काका स्कूटरवरूनच गरजले. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, वही उघडली, माझं पान काढलं. मी त्याच्या लॅपटॉपवरून आकडे मागवले, ते त्याच्या फोनवर आले. वहीत प्रत्येक पानावर वेगळा पासवर्ड होता आणि प्रत्येक पोराच्या बापाचं नाव.

"दुसऱ्याच्या मेलला स्वतःचा नंबर लावायला लाज नाही वाटत?" काका अजून पेटलेलेच होते.

"काका, तवा याच्या घरात फोनच नव्हता," दादा म्हणाला. "पाड्यावर कोणाकडंच नव्हता. स्कॉलरशिपचा फॉर्म नंबराबिगर पुढं जाईना. मंग कोणाचा टाकू, सांगा ना."

काका स्कूटरवरून खाली उतरले. मी मेल उघडला, ओटीपी घेतला, एकेक कागद चढवला. पाचला बराच अवकाश होता. शेवटच्या कागदाखाली हिरवी खूण आली तेव्हा दादाने तिघांना चहा सांगितला आणि काकांनी तो घेतला.

"आता तुझा नंबर टाक," काका हळू आवाजात म्हणाले. "आणि अडीनडीला आणखी एक. मागितले की का, कशाला, न विचारता आकडे सांगेल, अशा माणसाचा."

मी बहिणीचा टाकला. मग सहज विचारलं, "तुमच्या खात्याला कुणाचा आहे, काका?"

"तुझ्या काकूचा होता." ते चहाच्या पेल्यात बघत होते. "ती गेल्यावर कंपनीने तो नंबर दुसऱ्याला दिला. मी एकदा लावून बघितला. कुणी भिवंडीचा माणूस बोलला. चांगला होता बिचारा. मग काढून टाकला. तेव्हापासून तो रकाना रिकामाच आहे." पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुझा टाकू का? चालेल ना?"

आता मी नोकरीनिमित्त दुसऱ्या तालुक्यात असतो. रविवारी सकाळी माझ्या फोनवर सहा आकडे येतात आणि मागोमाग काकांचा फोन येतो.

"हरसूल, पासवर्ड विसरलो रे."

कारखान्यातल्या ड्रॉइंगांचे नंबर या माणसाला अजून तोंडपाठ आहेत. मी काही विचारत नाही. ते माझ्या ऑफिसच्या फाइलींवरून मला झापतात, आईची चौकशी करतात, सुनीताला नोकरी लागल्याचं तिसऱ्यांदा सांगतात. ते आकडे दहा मिनिटांत बाद होतात, हे त्यांनीच मला शिकवलंय. अर्धा तास बोलून झाल्यावर ते म्हणतात, "हां, सांग आता."

मी एकेक आकडा सावकाश सांगतो, ते तिकडे लिहून घेतात.