सेतुमाधवरावांच्या गच्चीवरचं रोस्ट चिकन

रोस्ट चिकन करायला अक्कल लागत नाही, माप लागतं! रोस्ट चिकनच्या जागी दुसरं कुठलंही काम घालून हे वाक्य मी गिंडीच्या आमच्या कारखान्यात इतक्या वेळा फेकलं होतं की, मी खुर्ची मागे सरकवली की ड्रॉइंग ऑफिसातले लोक आपण होऊन कामाला लागत. मी ड्राफ्ट्समन. सुताइतकी चूक मला चालत नाही. मग एवढीशी कोंबडी माझं काय वाकडं करणार?

तिने केलंच वाकडं. पण ते पुढे. आधी कोंबडी कशाला, ते सांगतो.

बासष्ट सालचा जानेवारी. माझी बायको मीनाक्षी सातव्या महिन्यातच बाळंत झाली आणि मुलगी दोन तास जगली. त्यानंतर दीड महिना मीनाक्षी खाटेवरून उठली नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दुखणं असं काही राहिलेलं नाही. पण या खात नाहीत. अशाच राहिल्या तर पुढचं मी सांगू शकत नाही." सकाळी अर्धी इडली, रात्री वाटीभर ताक. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. मला झोप लागेना.

मग मी काय केलं? मी बोललो! मी पडलो विनोदी माणूस. रजा काढून दीड महिना तिच्या उशाशी बसलो, साहेबाच्या नकला केल्या, ऑफिसातल्या सगळ्या गमती सांगितल्या, त्या संपल्यावर नव्या रचून सांगितल्या. एकदा तर भात कालवून "हा घास काऊचा" सुद्धा करून पाहिलं. ते मात्र करायला नको होतं.

शेवटी एका शनिवारी सकाळी मी हात टेकले. "मीनू, तुला काय खावंसं वाटतं ते एकदा सांग. कुठेही मिळत असलं तरी आणतो!"

ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रोस्ट चिकन."

"काय?"

"तुमच्या त्या डिकॉस्टांकडे खाल्लं होतं ना, तसलं. गोड-तिखट. बरोबर चीज घातलेले कुस्करलेले बटाटे. बाहेरून आणू नका, स्वतः करा. आणि घाई करू नका, सावकाश करा."

दीड महिन्यात पहिल्यांदाच ती एवढी वाक्यं एकदम बोलली होती. मला नाचावंसं वाटलं! डिकॉस्टा म्हणजे आमचा फोरमन. मी तडक त्याचं घर गाठलं, कृती लिहून घेतली, त्याच्याच परसात कोंबडी साफ करून घेतली, गूळ, चिंच, लसूण आणि गुंटूरची मिरची तिला चोळली आणि जेवणाच्या डब्यात घालून संध्याकाळी घरी आलो. चीजचा डबा माउंट रोडवरच्या साहेबी दुकानातून आणला.

आता अडचण एकच होती. घर!

आम्ही मैलापूरला पहिल्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालक सेतुमाधवराव. तंजावरचे मराठी, कडक माध्व ब्राह्मण. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि त्यांची मराठीही त्याच साली इकडे येऊन राहिली, वर तमिळचा हेल चढला एवढंच. खोली बघायला गेलो तेव्हा मराठी ऐकून त्यांना कोण आनंद झाला! शर्टाच्या गळ्यातून माझं जानवं दिसलं आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही. जानवं आम्ही कायस्थही घालतो आणि वर कोंबडीही खातो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. उगाच कशाला म्हाताऱ्या माणसाला त्रास!

त्याच संध्याकाळी सेतुमाधवराव जिन्यात भेटले. मी डबा पाठीमागे धरला.

"उमाकांतराव, उद्या आमच्या अप्पांचं वर्षश्राद्ध. सगळं सोवळ्यात. तुम्ही खाली पाण्याला येऊ नका. शिवाशिव नको."

"छे छे! आम्ही वरच बसू," मी म्हणालो.

वा! म्हणजे उद्या दुपारपर्यंत खालचं सगळं घर सोवळ्यात अडकलेलं. वर कोण येतंय? गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे शेगडी मांडायची, वास परस्पर आभाळात जाईल, आणि त्यातूनही उरला तर खालच्या होमाच्या धुरात मिसळेल. असा बिनचूक आराखडा मी आयुष्यात काढला नव्हता!

रविवारी नऊ वाजता मी शेगडी पेटवली. जाड बुडाचं पातेलं, तळाला वाळू, वाळूवर ताटली, ताटलीत कोंबडी आणि झाकणावर निखारे. दुसरीकडे बटाटे उकडले, लोणी-दूध घालून घोटले, वर चीज किसलं. अधूनमधून खाली मीनाक्षीला बघून येत होतो. एकदा तिचे डोळे लालभडक दिसले. धूर खोलीत गेला असावा म्हणून मी खिडकी लावून घेतली आणि पुन्हा वर पळालो.

एक वाजता झाकण काढलं. काय रंग आला होता म्हणून सांगू! वरून गुळाची चकाकी, मिरचीचा लालभडक रस्सा, बटाट्यांवर चीज वितळलेलं. मी ताट सजवलं, निवायला म्हणून टाकीमागे ठेवलं आणि मीनाक्षीला उठवायला खाली आलो.

"झालं? इतक्यात?" ती म्हणाली.

"चार तास झाले! ऊठ, तोंड धू."

ती तोंड धूत असताना डोक्यावर पावलं वाजली. मग सेतुमाधवरावांचा आवाज आला, "का! का! का!"

आमच्याकडे पेणला कावळ्याचं पान परसात ठेवतात हो! इथे गच्चीवर ठेवतात, हे मला कोणी सांगितलं होतं? कावळा पिंडाला शिवल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही आणि गेलेला माणूस तृप्त झाला असंही मानत नाहीत. मी एकेक पायरी गाळत वर धावलो.

गच्चीच्या पुढच्या कठड्यापाशी केळीच्या पानावर भाताचा पिंड. समोर ओलेत्याने सेतुमाधवराव हात जोडून उभे, बाजूला त्यांच्या पत्नी अलमेलूअक्का आणि पोटभर जेवून दक्षिणेसह आलेले भटजी गुरुराजाचार्य. पिंडाकडे एकही कावळा नाही! कारण मैलापुरातले यच्चयावत कावळे टाकीमागे माझ्या कोंबडीवर बसले होते.

आता तुम्हीच सांगा, मी काय करावं? हाकलावं तर कोंबडी उघडी पडते. न हाकलावं तर मीनाक्षीचं जेवण जातं. मी टाकीला पाठ लावून उभा राहिलो आणि मागे लाथा झाडत राहिलो. कावळे तेवढ्यापुरते उडायचे, पिंडावरून एक घिरटी घालायचे आणि पुन्हा माझ्या मागे!

"अप्पा, रागावलात का?" सेतुमाधवरावांचा आवाज कापत होता. "गयेला जाऊन येतो."

कावळा नाही.

"तुमच्या धाकट्या रामनाथचं पत्र येत नाही म्हणून मी पण पत्र घालत नाही. उद्याच घालतो!"

कावळा नाही. ऊन डोक्यावर. आचार्यांनी उपरणं तोंडावर घेतलं. सेतुमाधवराव एकदम खालीच बसले आणि रडायला लागले.

"मला ठाऊक आहे अप्पा. तीन महिने तुम्हांस नुसती कांजी पाजली. डॉक्टर तिखट नको म्हणाले. शेवटल्या दिवशी तुम्ही म्हणालांत, सेतू, जिभेवर जरा मिरची ठेव रे, मग जातो. मी नाही ठेवली. तुम्ही वाचाल म्हणून नाही ठेवली! आणि तुम्ही तसेच गेलांत."

साठीचा माणूस लहान पोरासारखा रडत होता, आणि त्याच्या बापाचे कावळे मी अडवून ठेवले होते. मला माझी शरम वाटली. जाऊ दे कोंबडी! निदान कावळे तरी तिकडे धाडू, म्हणून मी खांद्यावरचा पंचा काढला आणि टाकीमागे घुसून सपासप फिरवला.

सगळे कावळे उडाले. त्यातला सर्वांत धिप्पाड होता तो अख्खी तंगडी चोचीत धरून थेट पिंडापाशी उतरला. तंगडी भातावर ठेवली. भाताची दोन शितं खाल्ली. मग काव काव करून उडून गेला.

"शिवला!" आचार्य ओरडले. मग पुढे वाकून बघितलं. "हे... हे काय?"

पांढऱ्या पिंडावर लाल तंगडी. वरून गुळाची चकाकी. माझं तोंड, जे दीड महिन्यात मिटलं नव्हतं, ते उघडेचना.

"ते माझं आहे."

मी वळून बघितलं. जिन्याच्या दारात मीनाक्षी उभी होती, चौकटीला धरून. दीड महिन्यात पहिल्यांदा जिना चढून आली होती! "मी मागितलं होतं. यांनी माझ्यासाठी केलं. चूक माझी आहे."

सेतुमाधवराव तिच्याकडे बघत राहिले. मग तंगडीकडे. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "तिखट आहे?"

"आहे," मीनाक्षी म्हणाली. "थोडं गोडही आहे."

त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले. "कावळा शिवला," ते म्हणाले.

"शिवला कसला! विटाळ झाला!" आचार्य कडाडले. "सगळं पुन्हा करावं लागेल!"

"आचार्य, कावळा शिवला. मी बघितला."

आचार्य दक्षिणा सावरत तरातरा निघून गेले. मीनाक्षीचे पाय लटपटायला लागले तसं अलमेलूअक्कांनी सोवळं विसरून तिला कवेत घेतलं. "अय्यो, पापम! बिचारी पोर उभी राहीना की! चल खाली, दोन घास खा."

"श्राद्धाचं आहे ते," मी म्हणालो. मला कुठे काय बोलावं ते कधीच कळत नाही. "परक्यांना वाढत नाहीत ना?"

"मग तुम्ही नका जेवू!" अक्का म्हणाल्या.

आणि मीनाक्षी जेवली! कारल्याची भाजी, आमटी-भात, उडदाचे दोन वडे, वाटीभर खीर. अक्का वाढत होत्या, ती खात होती, आणि खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अक्का एक शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या वाढत राहिल्या. मी दारात उभा राहून वडे मोजत होतो आणि मनात डॉक्टरांना वाकुल्या दाखवत होतो.

सेतुमाधवराव माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. "उमाकांतराव, तुम्हीही जेवा. आणि एक तारखेला घर रिकामं करा." दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच आवाजात सांगितली.

एक तारखेला आम्ही घोडागाडीत सामान घातलं आणि पल्लावरमच्या वाटेला लागलो. मीनाक्षी आता दोन्ही वेळा जेवत होती, तिच्या गालांवर रंग आला होता, आणि मला पुन्हा सूर सापडला होता.

"मीनू, तुझं चिकन राहिलंच बघ. नव्या घरी पहिल्या रविवारी करतो. या वेळी बंद खोलीत!"

"नको."

"अगं, आता कोण अडवतंय?"

"मला तेव्हाही नको होतं," ती म्हणाली.

"मग मागितलंस कशाला?"

"त्याला तीन-चार तास लागतात असं डिकॉस्टांची बायको म्हणाली होती. तेवढा वेळ तुम्ही शेगडीपाशी राहिला असता. दीड महिना तुम्ही माझ्याजवळून हलला नव्हता, सारखे हसवत होता. मला आपल्या मुलीसाठी रडायचं होतं हो. तुम्ही समोर असलात की रडता येत नव्हतं."

सैदापेटचा पूल येईपर्यंत मी काही बोललो नाही. पुलावर आमचा घोडा अडून बसला, तेव्हा त्याच्यावरून एक फार चांगला विनोद सुचला होता. तो मी अजून कोणाला सांगितलेला नाही.