रणधीररावांच्या पगडीने जबाब दिले त्याची हकीकत

श्रीगजाननास वंदन, श्रीशारदेस वंदन, आणि ज्यांच्या बोटाला शाई लागली म्हणजे राज्ये उठतात बसतात त्या समस्त रयतेस दोन वेळा वंदन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, चैत्र मास, ते समयींचे वर्तमान लिहितो. राज्याचे नाव विचारू नये. लिहिणारास अजून त्याच राज्यात राहणे आहे. तर त्या राज्यी चाल ऐशी होती की, पाचा वर्षांनी रयतेने आपापल्या पेठेचा कारभारी निवडावा, आणि निवडीपूर्वी महिनाभर त्याने दारोदार हात जोडावे, लोकांची लेकरे कडेवर घ्यावी, म्हाताऱ्यांच्या पायी डोके ठेवावे, मिळेल ती भाकरी गोड मानून खावी, आणि मग निवडून आला म्हणजे काळ्या काचांच्या रथात बसून जो राजधानीस जावा तो पाच वर्षे दर्शन नाही. गरज सरो वैद्य मरो, ऐसे म्हणोन रयत आपल्या कामास लागे.

हे पाहोन मुख्य दिवाण गणोजीपंत यांचे चित्तास बहुत खेद जाहाला. पंत वृद्ध, दम्याने बेजार, पुन्हा निवडीस उभे राहणे नाही, म्हणोन धाडसही आले. मग त्यांणी कायदा मांडिला की, दर बुधवारी बाजाराचे दिवशी कारभाऱ्याने पेठेच्या चावडीच्या पायरीवर उभे राहावे, बसू नये, आणि रयत जे पुसेल त्यास जबाब द्यावा, आणि चावडीच्या लेखकाने तो जबाब लिहून तेथेच मोठ्याने वाचावा, आणि दिलेला शब्द मोडील अथवा लागोपाठ तीन बुधवार चुकवील त्याची गादी जावी. सभेत हा कायदा एकमताने मंजूर जाहाला. लोकांस नवल वाटले; परंतु कारण साधे होते, प्रत्येक कारभाऱ्यास वाटले की यात शेजारचा बरा सापडेल.

आता पेठ चिंचघाटचे कारभारी सरदार रणधीरराव. मिशा मोठ्या, घराणे मोठे, आणि पायरीवर उभे राहून आल्यागेल्यास उत्तरे देणे म्हणजे त्यांस मरणप्राय. मग वाड्यात खलबत जाहाले, आणि रावांस आठवले की पूर्वी सरदारघराण्यात नवरदेव मोहिमेवर असला म्हणजे त्याचा खांडा, म्हणजे तलवार, मांडवात धाडून लग्न लावीत, आणि ते लग्न पक्के धरीत. "खांड्याशी लग्न लागतं, तर पगडीनं जबाब का देऊ नये?" ऐसे राव बोलिले, आणि सर्वांनी वाहवा केली, कारण जेवण रावांकडेच होते. मग पाडव्यानंतरचे पहिले बुधवारी हुजऱ्याने चौरंगावर मखमल अंथरून रावांची केशरी पगडी पायरीवर मांडिली आणि पुकारले की, ही पगडी म्हणजे साक्षात रावसाहेब, हिच्यात आणि त्यांच्यात भेद नाही. लेखकाने तेही लिहून घेतले. आणि आमच्या रयतेचा भोळेपणा काय वर्णावा! लोकांनी पगडीस हार घातले, नारळ फोडिले, कोणी उदबत्ती लाविली. एक म्हातारा तर म्हणाला, "रावांपरीस ही बरी. मधीच उठून तरी जात न्हाई." ऐसे दोन बुधवार गेले आणि प्रश्न कोणी एक पुसिला नाही.

त्या पेठेत भिवराबाई कासारीण होती. घरोघर बांगड्या भरीत हिंडे, बोलण्यास तिखट. तिच्या घरापासून दवाखान्याच्या वाटेवर मोरओढा, आणि ओढ्यावर पूल बांधण्याचा शब्द रावांनी तीन निवडणुकांत तीनदा दिला होता. मागल्या श्रावणात तिची थोरली सून अडली, खाट ओढ्यापर्यंत नेली, आणि पाणी उतरेल म्हणोन वाट पाहाता पाहाता ती अलीकडच्या काठावरच गेली, पोटातल्या जीवासकट. हे लिहिताना आमचा हात जड होतो. आणि आता धाकटी सून शेवंता, तिला सहावा महिना, दिवस भरणार ते आषाढातच. भिवराबाईची झोप उडाली होती. मग तिसरे बुधवारी ती बांगड्यांची टोपली चावडीच्या पायरीशी ठेवून पगडीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "रावसाब, मिरगाच्या आत मोरवढ्यावर पूल बांधनार का? बांधनार नसाल तर न्हाई म्हना."

पगडी काही बोलिली नाही.

"लिवा," भिवराबाई लेखकास म्हणाली. लेखक जुना कारकून, जानवे आणि व्याकरण दोन्ही सांभाळणारा. त्याने क्षणभर विचार केला, "मौनं संमतिलक्षणम्" ऐसे पुटपुटला, आणि मोठ्याने वाचिले, "मृगापूर्वी पूल बांधण्यास कारभाऱ्यांची संमती." हुजऱ्यास घाम फुटला. तो हात जोडून म्हणाला, "अवो बाई, रावसाहेब असं न्हाई बोलले!" भिवराबाई म्हणाली, "तू गप. तू पगडी हाईस का?" आणि बाजार जो हसत सुटला तो आवरेना. मग लोकांस कळ सापडली. एकाने पुसिले, वाड्यावरच्या टाकीचे पाणी गावास सोडणार का, पगडी गप्प. दुसऱ्याने पुसिले, शाळेस मास्तर देणार का, आणि तो शिकवणारही असावा; पगडी गप्प. एका तरण्याने पुसिले, रावांची धाकटी लेक मला देणार का. लेखकाने त्यास चष्म्यावरून पाहिले आणि तेवढे लिहिले नाही. बाकी सत्तावीस शब्द पगडीने त्या दिवशी दिले.

हे वर्तमान कळताच राव तसेच बोडके निघोन राजधानीस गेले आणि पंतांपुढे आरडाओरडा केला. पंतांस खोकला आला, तो सरेपर्यंत राव उभेच. मग पंत म्हणाले, "रावसाहेब, पगडी म्हणजे आपण असाल, तर सत्तावीस शब्द आपले. आणि पगडी म्हणजे आपण नसाल, तर तीन बुधवार आपण चुकलात, गादी खाली करावी. दोहोंतले कोणते लिहू?" रावांनी बोडक्या डोक्यावरून हात फिरविला. मग पडलेल्या आवाजात म्हणाले, "पगडी आमचीच."

मग काय पुसता! वर्षानुवर्षे जो पूल सापडत नव्हता तो चाळीस दिवसांत सापडला. आणि राव दर बुधवारी जातीने पायरीवर उभे राहू लागले, प्रथम कपाळास आठ्या घालोन, पुढे पुढे कंबर धरोन. मृगास दोन दिवस उरले असता पुलावरून पहिली बैलगाडी गेली. आषाढात ओढा दोन्ही काठ सोडून वाहात असता शेवंतास भर दुपारी कळा सुरू जाहाल्या, आणि गाडी पुलावरून पार गेली, आणि तिला मुलगी जाहाली. भिवराबाई पुलावर बसून थोरलीचे नाव घेऊन रडली. कोणी तिला उठविले नाही.

पुढे दोन वर्षांनी निवड आली, तेव्हा रयतेने रावांस घरी बसविले आणि भिवराबाईस कारभारीण केले. पहिले बुधवारी बाई नवे लुगडे नेसून पायरीवर उभी राहिली, आणि गर्दीतून पहिला प्रश्न आला तो शेवंताचा. कडेवर लेक, आणि म्हणते, "आत्याबाई, पुलाला कठडा न्हाई. पोरं पळत जात्यात. कवा करनार?" सासूचे तोंड लाल जाहाले. म्हणाली, "घरी चल, मग बोलू." शेवंता म्हणाली, "घरी तुमी सासू, थितं मी बोलत न्हाई. हितं तुमी पायरीवर हाईसा." लेखकाने टाक उचलून धरिला. भिवराबाईने आधी सुनेकडे पाहिले, मग नातीकडे पाहिले, आणि एकदाचे बोलून गेली, "दिवाळीच्या आत." लेखकाने लिहिले आणि मोठ्याने वाचिले. त्या दिवशी सासूसून एकाच वाटेने घरी गेल्या, परंतु वाटेत बोलल्या नाहीत ऐसे पाहणारे सांगतात.

येणेप्रमाणे पेठ चिंचघाटचे वर्तमान, जैसे घडले तैसे लिहिले. रावसाहेब खुशाल आहेत, दर बुधवारी गर्दीत उभे राहून सर्वांत अवघड प्रश्न तेच पुसतात. कठडा एका बाजूचा पुरा जाहाला आहे. दिवाळीस अकरा दिवस उरले आहेत, आणि शेवंता रोज पुलावर जाऊन पाहून येते.