तांबडीची नऊ अंडी आणि जावयाची शेगडी

नवी शेगडी टेम्पोतून उतरली तेव्हा बावड्याच्या त्या घरात पहिला प्रश्न निघाला तो हा, की तिची पूजा वर करायची की खाली. वर चार बर्नर होते, खाली काचेच्या दाराचा ओव्हन होता, आणि देव नेमका कोणत्या मजल्यावर मानायचा हे कंपनीच्या पुस्तकात दिलेलं नव्हतं. शेवटी घरातल्या सर्वांत थोरल्या कुशाबाईंनी नारळ उंबऱ्यावर फोडला, वर हळदकुंकू वाहिलं आणि खालच्या काचेवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. ते इतकं भरघोस निघालं, की वाळल्यावर काचेतून आतलं काही दिसेना.

शेगडी जावयानं पाठवली होती. पूर्वी जावई सासरवाडीला काही देतो म्हटलं, तर लोक त्याला आधी बसवून पाणी पाजत आणि मग घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारत. पण सौरभ पुण्यात नोकरी करणारा आणि भाबडा होता. बारामतीला त्याच्या आईकडं दोन वर्षांपासून ओव्हन होता. तिच्या केकचे आणि नानकटाईचे फोटो सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर नियमानं येत. आपल्या आईला मिळालेलं सुख बायकोच्या आईलाही मिळावं, एवढाच त्याचा हेतू होता. बायकोच्या आईला, म्हणजे राजलक्ष्मीला, कुणी विचारलं नव्हतं.

शेगडी जोडायला ज्ञानेश नावाचा मेकॅनिक आला. त्यानं कुशाबाईंना सगळं समजावून सांगितलं.

"आज्जी, ह्यात मागं पंखा हाय. त्यानं आच सगळीकडं सारखी फिरती."

"म्हंजी फुंकणी आतच बसावलीया म्हण की."

"तसंच समजा. आन् ही बत्ती. गॅस न पेटवता नुसती बत्ती बी लावता येती. जरा उबदार ऱ्हातं आत."

शेवटचं वाक्य ज्ञानेशनं बोलायला नको होतं. पण चहा अजून यायचा होता आणि त्याला काहीतरी बोलणं भाग होतं.

चार दिवसांनी भरदुपारी मुंगसानं तांबडीला नेलं.

तांबडी ही कुशाबाईंची खुडूक कोंबडी. परसात पाटीखाली नऊ अंड्यांवर बसून तिला चार दिवस झाले होते. साठ वर्षांपूर्वी कुशाबाई लग्न होऊन डाळजहून बावड्याला आल्या, तेव्हा आईनं बैलगाडीत त्यांच्या पायाशी एक तांबडी कोंबडी बांधून दिली होती. मग उजनीचं धरण झालं. जुनं डाळज पाण्याखाली गेलं. आईचं घर, चिंच, आड, सगळं गेलं. राहिली ती कोंबडीची औलाद. दरसाल एकीच्या पोटची दुसरी, अशी ती तांबड्या पिसांची रांग बावड्यात चालत आली होती. गेल्या वर्षीच्या रोगात बाकीच्या गेल्या आणि ही एकटी उरली होती. आता तीही नव्हती. नऊ अंडी होती आणि ती निवत चालली होती.

राजलक्ष्मी स्वयंपाकघरात आली तेव्हा ओव्हनची बत्ती लागलेली होती, दार जरासं उघडं होतं आणि फटीत उलथनं अडकवलेलं होतं.

"आत्या," ती सासूला आत्या म्हणायची, "आत काय हाय?"

"काय न्हाय."

राजलक्ष्मीनं दार उघडलं. जाळीवर जुन्या धोतराचं पटकूर, त्यावर नऊ अंडी आणि कोपऱ्यात पाण्याची वाटी होती.

"अगं बाई! जावईबापूंची शेगडी हाय ती!"

"मग? मी काय ती खाती का? सतरा दिसांचा तर परश्न हाय. एकविसाव्या दिशी पिल्लं भाईर. मंग तुझं तू काय करायचं त्ये कर."

"आन् तवर मी सैपाक कशावर करू?"

"वर चार चुली हायत की."

पण तेही जमेना. वर कालवण ठेवलं की खाली ओव्हन तापायचा. कुशाबाई एक अंडं काढून डोळ्याच्या पापणीला लावायच्या आणि "भाजलं गं, भाजलं!" म्हणून ओरडायच्या. साठ वर्षं त्यांनी अंड्याचा ताप पापणीनंच पाहिला होता. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची जुनी दोन बर्नरची शेगडी खाली आली आणि नव्या शेगडीच्या शेजारी बसली. नवीवर आता फक्त मीठमसाल्याचा डबा ठेवत.

वीज संध्याकाळी तीन तास जायची. इन्व्हर्टर जुना झाला होता. एक पंखा आणि दोन दिवे त्यानं कसेबसे ओढले असते. कुशाबाईंनी त्याला फक्त ओव्हनची बत्ती ओढायला लावली. मे महिन्यात विजयसिंह, म्हणजे कुशाबाईंचा मुलगा, उघडाबंब अंगणात येऊन बसला.

"आई, मी तुजा पोटचा हाय. त्या अंड्यांचा आन् तुजा काय संबंध?"

"तुला पिसं न्हाईत म्हून बोलतुयास. तू भाईर बस, वारं लागंल."

सातव्या दिवशी कुशाबाईंनी विजयसिंहाच्या मोबाइलची बॅटरी लावून अंड्यामागं धरली. आत तांबड्या शिरांचं बारीक जाळं दिसलं. त्यांनी अंडं जागेवर ठेवलं, पदरानं डोळे पुसले आणि सुनेला म्हणाल्या, "वाटीत पाणी घाल." त्या दिवसापासून राजलक्ष्मी दिवसातून तीनदा न सांगता अंडी फिरवू लागली.

तेवढ्यात अधिक महिना लागला आणि पुण्याहून प्राचीचा, म्हणजे राजलक्ष्मीच्या लेकीचा, फोन आला.

"आई, ओव्हन कसा चाललाय?"

"रातंदिस चालूच हाय." राजलक्ष्मी आयुष्यात खोटं बोललेली नव्हती.

"खरंच? काय काय केलंस?"

"अजून व्हायचंय."

"बरं ऐक. धोंड्याच्या जेवणाला आम्ही रविवारी येतोय. सौरभला तेवढीच सुट्टी आहे. सासूबाईपण येणार आहेत. त्या म्हणाल्या, वाणात तळलेले अनारसे नकोत, विहीणबाईंकडं आता ओव्हन आहे तर तेहतीस नानकटाई करू देत घरच्या. बघू या कशा जमतात."

राजलक्ष्मीनं फोन ठेवला आणि कॅलेंडरकडं पाहिलं. रविवारच्या चौकटीत कुशाबाईंनी कोळशानं फुली मारून ठेवली होती. एकविसावा दिवस.

"आत्या, विहीणबाई येत्यात."

"येऊ द्या की."

"त्यांना वव्हनातली नानकटाई पायजे."

"मग कर की सोमवारी."

"आन् धोंड्याच्या सैपाकात घरात अंडी? अधिक महिना हाय!"

"त्यात आता जीव हाय. पोटुशीला कोण सोवळं विचारतं का?"

राजलक्ष्मी शनिवारी इंदापूरला गेली. बावड्यात नानकटाई मिळत होती, पण बावड्यात घेतलेली नानकटाई घरी येण्याआधी बातमी येते. तिनं स्टँडजवळच्या बेकरीतून तेहतीस घेतल्या, घरी आणून प्रत्येकीचा कागद काढला आणि स्टीलच्या डब्यात भरल्या. कुणी विचारलं तर काय सांगायचं याचा विचार तिनं येताना एसटीत केला होता. आपण काही बोलायचंच नाही, असं ठरलं होतं.

रविवारी अकरा वाजता गाडी आली. सौरभ, प्राची आणि बारामतीच्या विहीणबाई उतरल्या. विहीणबाईंच्या अंगावर इस्त्रीची साडी होती आणि नजर आल्या आल्या स्वयंपाकघराकडं गेली. तिथं ओव्हनच्या दाराला पाठ लावून, स्टुलावर, पदर पसरून कुशाबाई बसल्या होत्या.

"आजी, एवढ्या उकाड्यात इथं?" विहीणबाईंनी विचारलं.

"गुडघं शेकतीया."

"पाठीनं?"

"गुडघ्याची शीर पाठीतनंच जाती."

विहीणबाई तेवढ्यापुरत्या बाहेर गेल्या. पानं मांडली. पुरणाचे धोंडे, कटाची आमटी, तूप. जावयाला पाटावर बसवून राजलक्ष्मीनं ओवाळलं. मग नानकटाईचं ताट त्याच्यापुढं आलं, वर चांदीचा दिवा. विहीणबाईंनी एक नानकटाई उचलली, उलटी केली, तिचं बूड पाहिलं आणि खाली ठेवली. राजलक्ष्मीच्या हातातलं तूप जावयाच्या पानाऐवजी पाटावर पडलं.

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. "चिव."

सगळे थांबले.

"काय वाजलं?" सौरभनं विचारलं.

"टायमर," विजयसिंह म्हणाला.

"पण बाबा, ह्याचा टायमर टर्र वाजतो. मी दुकानात वाजवून घेतला होता."

"आमी सेटिंग बदललं."

"चिव. चिव."

"दोनदा?"

"दोनदा म्हंजी होत आलं," विजयसिंह म्हणाला आणि त्यानं अख्खा धोंडा एकदम तोंडात घातला, म्हणजे पुढचा प्रश्न दुसऱ्या कुणाला तरी विचारला जावा.

"काय होत आलं?" सौरभनं सासूला विचारलं.

"अजून व्हायचंय," राजलक्ष्मी म्हणाली.

विहीणबाई उठल्या. "बघते मी. मला कळतं त्यातलं."

राजलक्ष्मी तूप तिथंच ठेवून मागोमाग धावली. आत कुशाबाई स्टुलावर नव्हत्या. त्या ओव्हनपुढं जमिनीवर बसल्या होत्या, दार सताड उघडं होतं, आणि त्यांच्या तळहातावर ओलं, तांबूस, लटपटणारं काहीतरी होतं. जाळीवर आणखी दोन अंड्यांना टोच पडली होती.

"दार लावा," कुशाबाई वर न बघता म्हणाल्या. "वारं लागंल."

विहीणबाईंनी स्वयंपाकघराचं दार आतून लावलं. राजलक्ष्मीला वाटलं, आता लेकीचा संसार मोडला तर त्याचं कारण पंचांना काय सांगायचं?

"ताई, ह्या आमच्या आत्यांच्या म्हायेरच्या कोंबडीचं... ती मुंगसानं नेली, आन्..." तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. डाळज, धरण, इन्व्हर्टर, पापणी. फक्त नानकटाईचं सांगायचं राहिलं.

"आणि नानकटाई इंदापूरच्या," विहीणबाई म्हणाल्या. "स्टँडजवळच्या बेकरीतल्या."

"तुमी वळखलं?"

"बुडाला चौकटीचा ठसा असतो. त्याचा एक ट्रे वाकलाय, म्हणून ठसा एका बाजूला तिरका येतो. दोन वर्षांत बदलला नाही मेल्यानं."

विहीणबाईंनी इस्त्रीची साडी सावरली आणि कुशाबाईंशेजारी फरशीवर बसकण मारली.

"मीपण तिथूनच मागवते. बारामतीत घेतल्या तर लोक ओळखतात. केकपण त्याच्याचकडचा. फोटो काढताना तेवढा ओव्हन मागं येऊ देते."

"मग तुमच्या वव्हनात काय असतं?" कुशाबाईंनी विचारलं.

"पापडाचे डबे. खालच्या जाळीवर कुरडया." विहीणबाईंनी एक बोट पुढं करून पिल्लाच्या पाठीला हळूच लावलं. "पहिल्यांदा लावला तेव्हा आत जाळ असा भडकला, की भुवई गेली माझी. ही पेन्सिलीनं काढलेली आहे. सौरभला सांगायचं होतं, पण त्यानं इतक्या हौसेनं घेतलेला. मग सांगायचं राहूनच गेलं. तुमच्या ओव्हनात निदान काहीतरी झालं तरी."

बाहेरून सौरभनं दार वाजवलं. "आई, काय झालंय? मेकॅनिकला फोन करू का?"

विहीणबाई उठल्या, पदराला हात पुसले आणि दार वीतभर उघडून त्यात उभ्या राहिल्या.

"काही नको. टायमरच आहे. माझापण असाच वाजतो."

"पण तुझा तर मी कधी ऐकला..."

"तू घरी असतोस कधी? जा, पानावर बस. आणि नानकटाई खा. घरच्या आहेत, मी बघितल्या."

विहीणबाईंनी बघितल्या म्हटल्यावर प्रश्नच मिटला. सौरभनं सात खाल्ल्या आणि आईच्या हातच्यासारख्याच झाल्यात, असं सासूला प्रामाणिकपणे सांगितलं. संध्याकाळी पाहुणे निघेपर्यंत टायमर आणखी सहा वेळा वाजला. प्रत्येक वेळी विहीणबाई आत जाऊन यायच्या आणि राजलक्ष्मीला बोटांनी आकडा दाखवायच्या. नवातली सात झाली. सातही तांबडी.

दुसऱ्या दिवशी पिल्लं परसातल्या खोक्यात गेली, वर बल्ब टांगला. राजलक्ष्मीनं ओव्हन पुसला, काचेवरचं कुंकू धुतलं, कंपनीच्या पुस्तकातलं पंधरा दिवस वाचलेलं नानकटाईचं पान उघडलं आणि मैदा मळून चोवीस गोळे ताटात मांडले. गॅसची कळ फिरवणार तोच बारामतीहून फोन आला. तिनं पिठाच्या हातानंच घेतला.

"विहीणबाई, आजी आहेत का जवळ?" तिकडून हळू आवाज आला. मागं डबे वाजत होते. "मी पापड काढलेत सगळे. इथं शेजारी गोजरबाईंकडं गावरान अंडी मिळाली, अकरा. तेवढं विचारा ना त्यांना, बत्ती लावल्यावर दार किती उघडं ठेवायचं?"

राजलक्ष्मीनं विचारलं. कुशाबाई परसात पिल्लांना कण्या टाकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"उलथनं मावंल येवढं," त्या म्हणाल्या. "आन् म्हणावं, इन्व्हर्टर कसा हाय त्ये आधी बघा."